११ बाय १४ च्या अंगणाला कॅनव्हास ताडपत्री नक्की किती साईझची घ्यायची?

नेरुळचा_ओटा
नमस्कार मंडळी. नेरुळला जुन्या रो हाऊसमध्ये राहतो, पुढे छोटं अंगण आहे, घराच्या भिंतीपासून समोरच्या कंपाउंडपर्यंत १४ फूट आणि रुंदी ११ फूट, दोन्ही बाजूला शेजाऱ्यांच्या आणि आमच्या मधे छातीएवढ्या भिंती. बाबा सकाळ-संध्याकाळ तिथेच खुर्ची टाकून बसतात, पेपर तिथे, चहा तिथे, भाजीवाल्याशी वाद तिथे. पावसाळ्यात चार महिने त्यांना घरात कोंडल्यासारखं होतं आणि मग ते आम्हाला पण कोंडतात.

मागच्या वर्षी निळं प्लास्टिक आणलं होतं १२ बाय १५ चं, ते रात्रभर फडफड फडफड, वरच्या बेडरूममध्ये कोणाला झोप नाही, वर मधोमध झोळ पडून पाणी साचायचं ते मी काठीने ढकलायचो आणि एका रात्री धबाक्कन सगळं खाली आलं, शेजारच्या काकूंच्या तुळशीवर. ऑक्टोबरमधे ऊन पडलं की खाली नुसती भट्टी. म्हणून यंदा कॅनव्हासची घ्यायचं ठरवलंय, पूर्वी ट्रकवर असायची ना हिरवट जाड, तशी.

ठाण्याला बहिणीकडे गेलो होतो तेव्हा जांभळी नाक्याला एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला जागेपेक्षा एकेक फूट मोठी घ्यायची, १२ बाय १५ घेऊन टाका. मेव्हणा म्हणतो १५ बाय १८ घे, मोठी असली तर दुमडता येते, लहान पडली तर ओढून मोठी होत नाही. बायको म्हणते आधी नीट मोजा तरी. मोजलं की, वर लिहिलंय तेच! आमचा पाच दिवसांचा गणपती असतो, तेव्हा पाहुणे पण तिथेच बसतात, तर अंगण पूर्ण झाकलं जायला हवं. कोणाला अनुभव असेल तर सांगा, मे संपायच्या आत बांधायची आहे.

पागोळी
तुम्ही जमीन मोजलीत. जमिनीवर चटई टाकायची असती तर ११ बाय १४ बरोबर होतं. मला सांगा वरून पडलेलं पाणी कुठे जाणार आहे? ताडपत्री कंपाउंडच्या बाहेर एक फूट गेली तर पागोळ्या रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या डोक्यावर, बाजूला गेली तर परत काकूंच्या तुळशीवर. आम्ही कोळशेतला गच्चीवर हाच घोळ घातला होता, मोठी मोठी म्हणून घेतली आणि सगळं पाणी खालच्या मजल्याच्या खिडकीत. सोसायटीच्या मीटिंगमधे माझं नाव अजून निघतं.

अंगणात पाणी जायला गटर किंवा जाळी कुठे आहे ते आधी बघा, ताडपत्रीची खालची कड त्याच्यावर यायला हवी. साईझ तिथून उलटी मोजत या.

नेरुळचा_ओटा
अरे हो, हा विचारच नव्हता केला. गटर आहे, कंपाउंडच्या आत दीड फुटावर, लांबलचक, वर जाळी आहे. पण मग गटरापर्यंतच झाकायचं तर पुढचा दीड फूट उघडा राहणार?

पागोळी
राहू दे की. तिथे कुंड्या ठेवा, त्यांना पाऊस लागतोच. नाहीतरी झड आली की कडेचा फूट-दीड फूट भिजणारच, ताडपत्री कितीही मोठी घ्या. दहा फूट वरून छप्पर आणि बाजू उघड्या म्हटल्यावर बाबांची खुर्ची भिंतीकडे सरकवायची, एवढाच उपाय.

कळंबोली_शिलाई
आमच्या वडिलांचं कळंबोलीला ताडपत्री शिवायचं काम होतं, ट्रकच्या ताडपत्र्या, लहानपण त्या मेणाच्या वासात गेलं, म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

पहिली गोष्ट, बाजारात जी साईझ सांगतात ती बऱ्याचदा कापडाची असते, तयार मालाची नाही. चारी कडा दुमडून आत दोरी घालून शिवतात त्यात दोन-तीन इंच प्रत्येक कडेला जातात. १२ बाय १५ म्हणून घ्याल आणि घरी येऊन टेप लावाल तर साडेअकरा बाय साडेचौदा भरेल, तो काही फसवत नाही, धंद्याची रीतच तशी आहे. म्हणून विचारताना "शिवून तयार किती" असं विचारायचं आणि बिलावर तसं लिहून घ्यायचं.

दुसरी, कॅनव्हास म्हणजे शेवटी सुती कापड आहे, पहिल्या पाण्यात आवळतं. किती ते कापडावर आहे, मेण किंवा वॉटरप्रूफचा हात चांगला बसलेला असेल तर कमी, साधं असेल तर जास्त. आम्ही अंदाजाने फुटाला अर्धा इंच जादा धरायचो. म्हणजे तुम्हाला १२ फूट तयार हवी असेल तर साडेबारा शिवून घ्या. प्लास्टिकला हा प्रश्न नाही, म्हणून प्लास्टिक विकणाऱ्या दुकानदाराला हे सुचतच नाही.

तिसरी आणि कोणी सांगत नाही ती ही, कापडाला पन्हा असतो, म्हणजे ठराविक रुंदी. एवढी मोठी ताडपत्री एका तुकड्यात येत नाही, पट्टे जोडून शिवलेली असते. ते जोड उताराच्या दिशेने आले पाहिजेत, वरून खाली. आडवे आले तर प्रत्येक जोडावर पाणी अडतं आणि सुईच्या भोकातून ठिबकतं. म्हणजे १० बाय १२ आणि १२ बाय १० ह्या आमच्या लेखी दोन वेगळ्या ताडपत्र्या आहेत. ऑर्डर देताना उतार कुठल्या बाजूला ते सांगा.

आणि मेव्हण्यांना नमस्कार सांगा पण त्यांचं ऐकू नका. कॅनव्हास दुमडून बांधला की त्या दुमडीत पाणी राहतं, वाळत नाही, दीड-दोन महिन्यात काळे ठिपके आणि कुबट वास, पुढच्या वर्षी तिथेच फाटते. मोठी घेऊन दुमडणं प्लास्टिकला चालतं.

हां, आणि आयलेट (दोरी ओवायला कडेच्या भोकांना बसवतात त्या धातूच्या कड्या) पितळी किंवा अॅल्युमिनियमचे घ्या, लोखंडी नको. खाडीची हवा आहे, एका पावसाळ्यात गंजून भोवतीचं कापड खातात.

खाडीकाठ
दिवाळे कोळीवाड्यातून. होडीवर ताडपत्री टाकण्यात जन्म गेला आमचा त्यामुळे वाऱ्याचं सांगतो. मोठी ताडपत्री म्हणजे शीड. शीड होडीला चालतं, घराला नाय. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैऋत्येकडून, तुमच्या घराचं तोंड कुठे आहे? अंगण त्या बाजूला असेल तर खालची कड वाऱ्याकडे येते ते चांगलं, वारा वरून सरकून जातो. उलटं असेल तर वारा खालून शिरतो आणि उचलतो, मग बांबू पण घेऊन जातो.

आणि गाठ. निम्मे लोक निरगाठ मारून ठेवतात. सुरगाठ मारा, एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या आळीत ज्यांच्या सुरगाठी होत्या त्यांनी पाच मिनिटांत उतरवून घरात नेल्या, बाकीच्यांच्या कोयत्याने दोऱ्या कापायला लागल्या, दोघा-तिघांच्या तर गेल्याच. जी ताडपत्री एक माणूस आणि एक बाई मिळून उतरवू शकत नाहीत ती घरासाठी मोठी आहे असं समजा. कॅनव्हास भिजला की केवढा जड होतो ते उचलल्याशिवाय कळणार नाही.

हिशेबी_ठाणेकर
वरच्या काकांच्या बोलण्याला आकडे देतो, सवय आहे. ताशी ६० किमीच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १७ किलो येतो. १२ बाय १५ फूट म्हणजे १६.७ चौरस मीटर, समोरून पूर्ण बसला तर पावणेतीनशे किलोच्या वर. १० बाय १२ ला तेच १९० किलो. ही सगळी ओढ त्या आठ-दहा आयलेटवर. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, दुप्पट नाही. प्रत्यक्षात तिरप्या ताडपत्रीवर कमी-जास्त होईल पण अंदाज यावा म्हणून.

झोळीचं पण सांगतो, चार बाय चार फुटाची झोळ आणि त्यात सरासरी तीन इंच पाणी, ११३ लिटर होतं. काकूंच्या तुळशीवर एक क्विंटलच्या वर पडलं म्हणा ना.

उताराबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो की उतार दिला की खूप कापड जास्त लागतं. १४ फुटाच्या लांबीला ३ फुटाचा उतार दिला तरी तिरपी लांबी १४ फूट ४ इंचच होते (१९६ अधिक ९ चं वर्गमूळ, शाळेतलं). म्हणजे उताराला फक्त ४ इंच लागले! त्यामुळे कापड वाचवायला उतार कमी करू नका. चार फुटाला एक फूट तरी खाली आलं पाहिजे, कॅनव्हासला तर नक्कीच, कारण तो भिजून जड होतो आणि थोडा खाली बसतोच.

स्कूटरवाली_घोडबंदर
मधेच विचारते सॉरी, आमच्या बिल्डिंगला पार्किंग उघडं आहे, स्कूटर झाकायला ताडपत्री घ्यायची तर किती? रेडीमेड कव्हर एका सीझनमधे फाटतं दर वेळी.

हिशेबी_ठाणेकर
वस्तू झाकायची असेल तर हिशेब वेगळा. लांबी अधिक दोन वेळा उंची, आणि रुंदी अधिक दोन वेळा उंची. स्कूटर ६ फूट लांब, आरशासकट पावणेचार फूट उंच, सव्वादोन फूट रुंद धरली तर साडेतेरा बाय पावणेदहा येतं, पण ते जमिनीला टेकेपर्यंत. खालून फूटभर मोकळं ठेवायचं हवेसाठी, म्हणजे साधारण साडेअकरा बाय पावणेआठ. १२ बाय ८ सांगा. फक्त गाडी गार झाल्याशिवाय टाकू नका, सायलेन्सरला प्लास्टिक चिकटलं तर निघत नाही, बूट घालून टेकवलेल्या पायाचा अनुभव आहे, तो पण सांगेन कधीतरी.

ट्रेकवेडा_डोंबिवली
कॅनव्हास चांगला असतो पण कोणी हे वाचून ट्रेकला न्यायचं ठरवू नका. ४०० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅम) १० बाय १२ कोरडीच साडेचार किलोची भरते, भिजल्यावर विचारूच नका. आम्ही एकदा नेली, परत येताना कोणी उचलायची यावरून ग्रुप फुटला. बाकी १० बाय १२ साईझ मस्त आहे, मधे दोरी टाकून तंबूसारखी केली की चार फूट उंचीला खाली नऊ फूट जागा मिळते, तिघं आरामात.

रोखठोक
एवढा खटाटोप कशाला, पत्र्याची शेड टाका ना कायमची. दर वर्षीची कटकट गेली.

नेरुळचा_ओटा
पत्रा नको हो, एक तर ते कायमचं बांधकाम, परवानगी वगैरे आलं, आणि पावसाचा आवाज त्या प्लास्टिकपेक्षा वाईट. शिवाय दिवाळीनंतर बाबांना ऊन पण हवं असतं, तेव्हा काढता आली पाहिजे.

बाकी सगळ्यांचे आभार, आता प्रश्न आहे की दोरीला जागा किती सोडायची? हुक ते हुक अंतर ११ फूट आणि ताडपत्री पण ११ फूट, तर ताणणार कशी?

कळंबोली_शिलाई
हा प्रश्न विचारलात, आता तुमची ताडपत्री नीट बसणार. निम्मी गिऱ्हाइकं हे घरी गेल्यावर विचारतात. हुक ते हुक जेवढं अंतर आहे त्यापेक्षा ताडपत्री दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा फूट कमी हवी, दोरी ओढायला आणि परत ओढायला. तुमची रुंदी ११ असेल तर तयार १० घ्या. दुकानदाराचं "एक फूट मोठी" हे ट्रकसाठी किंवा मालाच्या ढिगासाठी बरोबर आहे, जिथे कड खाली लोंबते. तुमची कड हवेत ताणायची आहे, तिथे एक फूट लहान.

दोरी कुठली तेही बघा. नायलॉन भिजला की सैल पडतो, पहिल्या पावसानंतर एकदा आवळावा लागतो. सुती दोरी आणि कॅनव्हास दोन्ही भिजून आवळतात, मग कडक ताणून बांधली असेल तर आयलेट उचकटतो. सुती वापरलीत तर थोडी ढील ठेवा, झोळ पडणार नाही इतपतच.

पागोळी
आणि मोजायला टेप नका घेऊ, सुतळी घ्या. वर जिथे बांधणार तिथून खाली जिथे बांधणार तिथपर्यंत खरोखरची सुतळी ताणा, चारी कोपऱ्यांना, आणि मग ती सुतळी जमिनीवर टाकून मोजा. कर्णातली पण दोन्ही मोजा, जुन्या घरांचे कोपरे काटकोनात नसतात. खाली उभं राहून बघा, बाबांचं डोकं लागतंय का, दार उघडतंय का. वरची कड छज्जाच्या खाली घेता येत असेल तर घ्या, नाहीतर भिंत आणि ताडपत्रीच्या फटीतून पाणी सरळ भिंतीवरून उतरतं.

नेरुळचा_ओटा
रविवारी बसलो सुतळी घेऊन. बाबा खुर्चीत बसून सूचना देत होते, बायको कोपरे धरून. तर झालं असं:

छज्जा भिंतीपासून दीड फूट बाहेर आहे, वरची कड त्याच्या खाली अर्धा फूट आत घ्यायची ठरवली, म्हणजे भिंतीपासून एक फुटावर. खालची कड गटरावर, साडेबारा फुटावर. आडवं अंतर साडेअकरा, उतार तीन फूट, सुतळी भरली ११ फूट ११ इंच. हिशेबी साहेबांचं वर्गमूळ लावलं तर जेमतेम अर्ध्या इंचाचा फरक, तेवढी सुतळीने ढील दिली असेल. कंपाउंडपर्यंत दीड फूट उरतोच, तिथे दोरीला जागा आपोआप मिळाली. रुंदीला दहा. एक कोपरा खरंच काटकोनात नाही, कर्णात चार इंचाचा फरक आहे, घर घेऊन बावीस वर्षं झाली आणि आत्ता कळलं.

म्हणजे तयार १० बाय १२! सगळे १२ बाय १५ आणि १५ बाय १८ सांगत होते. मेव्हण्याला फोन केला तर म्हणतो "मग तू मला विचारलंसच कशाला".

कळंबोली_शिलाई
बरोबर आलंय. शिवायला १० फूट ५ इंच बाय १२ फूट ६ इंच सांगा, जोड १२ च्या दिशेने, आयलेट दोन दोन फुटांवर, चार कोपऱ्यांना आतून चामड्याची किंवा कॅनव्हासचीच डबल पट्टी. मिळाली की लगेच टांगू नका, आधी कंपाउंडवर टाकून पाईपने चिंब भिजवा, पूर्ण वाळू द्या, मग बांधा. धागे फुगून सुईची भोकं बंद होतात आणि जी काय आवळायची ती आधीच आवळून घेते. आणि पाऊस चालू असताना खालून बोट लावू नका, जिथे बोट लागतं तिथून ठिबकायला लागते. घरातल्या पोरांना हे सांगा, म्हणजे ती नक्की लावतील.

खाडीकाठ
वेळ काढू नका. जूनची वाट बघत बसाल तर, २०२५ ला मुंबईत २६ मेलाच मान्सून आला होता, आमच्या अर्ध्या होड्या पाण्यात होत्या तेव्हा.

नेरुळचा_ओटा
अपडेट द्यायचा राहिला होता. ताडपत्री लावून तीन आठवडे झाले. भिजवून वाळवल्यावर मोजली तर १० फूट १ इंच बाय १२ फूट २ इंच, म्हणजे जवळजवळ बरोब्बर. घर पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे खालची कड वाऱ्याकडेच आली, काका म्हणाले तसं. फडफड अजिबात नाही, पावसाचा आवाज पण दबका येतो. तो वाकडा कोपरा मात्र त्रास देतोय, तिथे थोडा झोळ पडतो आणि तांब्याभर पाणी साचतं, दोरी दुसऱ्या आयलेटला बांधून बघणार आहे. पहिल्या मोठ्या पावसात बाबांनी खालून बोट लावलं. पोरांनी नाही, बाबांनी. "खरंच ठिबकतं का बघत होतो" म्हणे. ठिबकलं, चहात.

ते मागच्या वर्षीचं निळं प्लास्टिक माळ्यावर पडलंय, १२ बाय १५, एका कोपऱ्याचा आयलेट गेलाय, बाकी ठीक आहे. कोणाला हवं असेल तर नेरुळ स्टेशनला आणून देतो.

स्कूटरवाली_घोडबंदर
मला द्या! १५ मधले सात फूट दुमडून घेईन, प्लास्टिकला चालतं असं वर लिहिलंय. शनिवारी वाशीला येणार आहे, तिथून नेरुळला येते.